विहिरीत टेप सोडणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या विहिरीच्या कठड्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं एक नंबर रंगवलेला आहे. सासरे होते तेव्हापासून आहे. मध्ये दोनदा पावसानं पुसला, दोनदा नव्यानं रंगवून गेले. वर्षातून चार वेळा मोटारसायकलवर एक माणूस येतो, पिशवीतून टेप काढतो, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेशी धरतो आणि खाली सोडतो. टेपच्या टोकाचं वजन पाण्याला टेकलं की खालून ‘डुब्’ असा आवाज येतो. तो दोनदा टेकवून बघतो, आकडा लिहितो, आमच्याकडचा चहा घेतो आणि जातो. सरकारी भाषेत आमची विहीर ही ‘निरीक्षण विहीर’. म्हणजे विहीर आमची आणि निरीक्षण त्यांचं.

किती आलं, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, ते साहेबांकडं जातं.” म्हटलं, जाऊ दे बाबा साहेबांकडं, पण विहीर तर माझ्याकडंच राहते की!

मी एकतीस वर्षं मराठवाड्यातल्या या गावात अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे. मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हा हाताचा गुण झालेला. 2012-13च्या दुष्काळात पाणी तळाला गेलं तेव्हा मी ठरवलं की साहेबांचं साहेबांकडं, आपलं आपण मोजू. नायलॉनची दोरी घेतली, टोकाला ट्रॅक्टरचा जाड नट बांधला, दर फुटाला लाल दोऱ्याची गाठ मारली. अंगणवाडीच्या एका जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती, ती कामाला आली. दर अमावास्येला सकाळी मोजायचं. त्या दिवशी औत चालत नाही, मोटारही बहुतेक बंद असते आणि तारीख विसरायची भीती नाही. तेव्हापासून आजपर्यंत एखाद-दोन अमावास्या सोडल्या तर खाडा नाही.

चार-पाच वर्षांनी त्या जुन्या माणसाच्या जागी नवा मुलगा यायला लागला. त्यानं विचारल्यावर लगेच वही पुढं केली. 6.35 मीटर. माझ्या दोरीवर चोवीस फूट, म्हणजे सात मीटरच्या वर. मला वाटलं हा पोरगा घरी बसून आकडे भरतो. त्याला वाटलं म्हातारीला मोजता येत नाही. अर्धा तास आम्ही दोघं कठड्याशी वाद घालत होतो. शेवटी त्यानं टेप कठड्याला उभा लावून दाखवला. कठडा तीन फूट उंच, म्हणजे एक मीटरला थोडाच कमी. तो कठड्याची उंची वजा करून जमिनीपासून खाली किती ते लिहितो, मी कठड्याच्या कडेपासून मोजते. तेवढं वजा केलं आणि दोघांचं जुळलं. दोन इंचांचा फरक राहिला, तो माझ्या गाठींचा.

मग मी त्याला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं आणि त्याच्या वहीत त्यासाठी रकानाही दिसला नाही. म्हटलं, आज आमच्याकडं रात्रीची लाईट होती. मोटार पहाटे पाचपर्यंत चालू होती आणि तू आठला आलास. विहीर अजून भरून यायचीय. मागच्या खेपेला आलास तेव्हा दिवसाची लाईट होती आणि मोटार सुरू व्हायच्या आत तू मोजून गेलास. मग या दोन आकड्यांत पाणी किती उतरलं आणि लाईटचं वेळापत्रक किती, हे साहेबाला कसं कळणार? पोरगा हुशार. त्यानं पानाच्या कडेला पेन्सिलनं लिहून घेतलं. पण शेतीच्या फिडरला कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री वीज, हे वीज कंपनीच्या कागदावर आधीच छापलेलं असतं. तो कागद मोजणाऱ्याच्या खिशात का नसावा?

संपादक महाशय, हे सगळं एवढ्या तपशिलानं लिहिते आहे, कारण ‘विभागांमध्ये समन्वयाचा अभाव’ असं वाक्य मी भाषणांत आणि बातम्यांत इतक्यांदा वाचलंय की ते वाचून आता काही होत नाही. समन्वय नाही म्हणजे नेमकं काय, ते विहिरीच्या कठड्यावर बसलं की दिसतं.

एका वर्षी दिवाळीनंतर दुसरीच एक जीप आली. वेगळं कार्यालय, वेगळी माणसं, मोठे नकाशे. त्यांनी विहिरीची खोली विचारली, व्यास विचारला, मोटार किती अश्वशक्तीची, पिकं कोणती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, सगळं विचारलं. कठड्यावरचा नंबर त्यांना दिसला. “हा कुणाचा?” असं त्यांनी मला विचारलं. मला! पुढं गायरानात एक बोअर घेऊन त्याला लोखंडी टोपण आणि कुलूप लावलेलं दिसलं. तेही पाण्याची पातळी बघायलाच आहे म्हणे. आमचा टेपवाला पोरगा पुढच्या खेपेला आला आणि तिथं काय झालंय, असं त्यानंही मलाच विचारलं. तेव्हा दोन कार्यालयांमधला समन्वय काही काळ मी चहाच्या बदल्यात सांभाळला, असं म्हणायला हरकत नाही.

यानंतर शेततळ्यासाठी कृषीचे आले, नळ योजनेसाठी जागा बघायला आणखी कोणी आलं, सौरपंपाचे आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा. विहीर किती खोल?

आता एक कबुली देते. आमची विहीर बावन्न फूट आहे. पण खोलीकरणाच्या अर्जात यजमानांनी ती चाळीस लिहिली. पंपाच्या वेळी सत्तर सांगितली, कारण खोली जास्त दाखवली की पंप मोठा मिळतो असं कुणीतरी पारावर बोललं होतं. बँकेच्या कागदात ती बारमाही आहे आणि टंचाईच्या दिवसांत कुणी विचारायला आलं की ती डिसेंबरातच आटते. सातबाऱ्यावर नुसतं ‘विहीर’ आहे, खोली नाहीच. एकच विहीर पाच कागदांवर पाच प्रकारची आणि आजवर एकानंही विचारलं नाही की अहो, तिकडं तर तुम्ही वेगळंच लिहिलंय. हे पाच कागद कधी एका टेबलावर आलेच नाहीत, तर विचारणार कोण? मी यजमानांना एवढंच म्हटलं की अंगणवाडीत मी कुणाचं वजन असं लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ते म्हणाले, गावात सगळे असंच लिहितात. तेही खोटं नाही. आणि मग याच कागदांच्या बेरजेवर तालुक्यात विहिरी किती, उपसा किती, पाणी शिल्लक किती, असा हिशेब होत असेल, तर त्या बेरजेत आमचाही हातभार आहे.

कोण काय करतं, ते मी हळूहळू समजून घेतलं. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. 1972च्या दुष्काळाच्या काळात ती उभी राहिली, आज ती पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखाली येते. राज्याची दीड हजाराहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून सुमारे 3,900 निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चारदा घेते, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. केंद्राचं भूजल मंडळ वेगळं. तेही चारदाच मोजतं, पण जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरात, आणि विहिरीही आपल्या वेगळ्या. पाणी धरून ठेवणारे खडकाचे थर, म्हणजे जलधर, कुठं आणि कसे आहेत याचे नकाशे करायचं मोठं काम केंद्राकडं. पावसाळ्यानंतर किती पाणी चढलं हे राज्य ऑक्टोबरात बघणार आणि केंद्र नोव्हेंबरात. त्या एका महिन्यात आमच्याकडं रब्बीची पेरणी होऊन पहिलं पाणीही दिलेलं असतं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून कोण काय ताडणार?

मोजणं असं दोघांकडं. नियमन तिसऱ्याकडं, कारण 2009च्या भूजल अधिनियमात राज्याचं भूजल प्राधिकरण म्हणून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला नेमलंय. सिंचन विहिरींना मंजुरी रोजगार हमीतून पंचायत समिती देते. शेततळं कृषीचं, बंधारे मृद व जलसंधारणाचे, कालवा जलसंपदेचा, वीज वीज कंपनीची, आणि पिकाखाली किती रान आहे ते महसूलकडं. खाली पाणी मात्र एकच आहे. त्याला कोणाचं खातं कुठं संपतं ते ठाऊक नाही.

न्यायानं एक सांगायला हवं. केंद्राचं मंडळ आणि राज्याची यंत्रणा मिळून भूजलाचा एकत्रित अंदाज काढतात, आणि 2022पासून तो दरवर्षी काढतात. वर्षाला जेवढं पाणी उपसायला मिळतं त्यातलं किती उपसलं, यावर गट पडतात. 70 टक्क्यांपर्यंत सुरक्षित, 90पर्यंत अंशतः शोषित, 100पर्यंत शोषित, त्याच्या वर अतिशोषित. ही पद्धत मला पहिल्यांदा कुणी समजावली तेव्हा हसू आलं, कारण आमच्या वाढीच्या तक्त्यावर अगदी असेच पट्टे असतात. हिरवा, पिवळा आणि त्याखाली काळजीचा.

पण त्या तक्त्यावर एकेका मुलाचं टिंब असतं. सबंध अंगणवाडीच्या वजनाची सरासरी काढली असती तर माझ्या एकतीस वर्षांत गावात एकही मूल कुपोषित निघालं नसतं. पाटलाच्या घरचं गुटगुटीत पोर आणि वस्तीवरचं हाडाचं पोर एका बेरजेत घातलं की दोघंही ‘साधारण’. तालुक्याच्या सरासरीचं हेच होतं. आपल्या राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसाल्टचा आहे. यात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडं सारखं मुरत नाही. भेगांत, मुरमात, दोन थरांच्या सांध्यात जिथं जागा मिळेल तिथं थांबतं. आमच्या विहिरीत झरा आहे आणि बांधापलीकडं भाऊजींच्या विहिरीत साठ फुटांवर कोरडा पाषाण लागला. राज्यात गावं चाळीस हजारांच्या वर आणि राज्याच्या निरीक्षण विहिरी सुमारे 3,900. म्हणजे दहा-अकरा गावांचं दुखणं एका विहिरीच्या नाडीवरून ओळखायचं. ते ओळखणारा वैद्य कितीही जाणता असला तरी शेजारच्या खात्याकडं असलेली माहिती त्याला लागणारच.

ती माहिती आहे. हेच मला सांगायचंय. 15 ऑगस्ट 2021पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो आणि सिंचनाचं साधनही नोंदवतो, विहीर की बोअर की कालवा. म्हणजे कोणत्या गटात विहिरीच्या पाण्यावर किती ऊस उभा आहे, हे महसूल खात्याकडं आहे. पंप किती आणि किती अश्वशक्तीचे, हे वीज कंपनीकडं आहे, निदान वायरच्या पंपांचं तरी. (बऱ्याच पंपांना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर. 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तेही माफ. माझ्या घरचं बिल वाचलं, मी तक्रार करत नाही. पण मीटर असता तर तो उपशाचा टेपच झाला असता.) सौरपंपाला तर फिडरही नाही आणि रात्रपाळीही नाही. ऊन आहे तोवर पाणी वर. आमच्या शिवारात प्लास्टिक अंथरलेली शेततळी पावसाच्या नव्हे, बोअरच्या पाण्यानं भरतात आणि उन्हाळ्यात वाफ होऊन जातात. शेततळं देणाऱ्याच्या कागदावर ते ‘साठवलेलं पाणी’ आणि भूजलवाल्याच्या कागदावर ‘उतरलेली पातळी’. एकाच पाण्याला एकाकडं बक्षीस, दुसऱ्याकडं चिंता.

आणि बोअर! त्या 2009च्या कायद्यात 60 मीटरपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढची, ती ‘खोल विहीर’. शेतीसाठी आणि उद्योगासाठी तशी घ्यायला मनाई आहे. हा कायदा 1 जून 2014पासून लागू आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात रात्री बोअरची गाडी लागली, सकाळी विचारलं तर साडेपाचशे फूट म्हणाले. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दिली होती. पांढरी भुकटी उडून शेजारच्या तुरीवर बसली होती, एवढाच काय तो सरकारच्या नजरेला पडण्यासारखा पुरावा. कुणी विचारलं नाही. मोजणारा म्हणेल, मला अधिकार नाही. अधिकार असणारा म्हणेल, मला कळवलं नाही. कळवणारा म्हणेल, माझ्याकडं तो रकाना नाही.

गावानंच आपलं भूजल मोजावं आणि सांभाळावं यासाठीची केंद्राची अटल भूजल योजना 25 डिसेंबर 2019ला सुरू झाली. सात राज्यांत, आपल्याकडं 13 जिल्ह्यांत. माझ्या बहिणीचं गाव त्यात होतं. तिथं प्रशिक्षणाला मी आगंतुक म्हणून जाऊन बसले. एका तरुण भूवैज्ञानिकानं घमेलं घेऊन शिकवलं, ते मी कधी विसरणार नाही. म्हणाला, मावशी, आपला खडक शंभर घमेली असेल तर त्यात पाणी दोनच घमेली. कुठं एक, कुठं तीन. मी तिथंच हिशेब मांडला. पावसाळ्यात विहिरीची पातळी पाच मीटर चढली की आपण गुलाल उधळतो. पण एकराचं क्षेत्र साधारण चार हजार चौरस मीटर, गुणिले पाच, त्याचे शंभराला दोन, म्हणजे 400 घनमीटर. चार लाख लिटर. एक एकर उसाला वर्षभरात साधारण ऐंशी लाख लिटर लागतं. म्हणजे एका एकर उसाला वीस एकरांखालचं चढलेलं पाणी! दोन-तीन पाण्यांवर येणारा हरभरा त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात भागतो. घरी येऊन मी यजमानांना हे दाखवलं. त्यांनी दोनदा गुणाकार करून बघितला, मग म्हणाले, मास्तरांनी शाळेत असं गणित घातलं असतं तर बरं झालं असतं. बहिणीच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा ताळेबंद रंगवलाय. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारनं तर दरसाल पाणी मोजून मग रब्बीचं ठरवायची रीत केव्हाच घालून दिली. आमचं गाव योजनेत नव्हतं, तेव्हा आमच्या भिंतीवर अजून साखर कारखान्याची जाहिरात आहे.

2018चं एक सांगते. सर्वपित्री अमावास्येला मी दोरी सोडली. त्याआधीच्या पाच वर्षांची त्या अमावास्येची सरासरी होती एकोणीस फूट. त्या दिवशी एकतीस. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण राज्याची यंत्रणासुद्धा ऑक्टोबरातली पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशीच ताडून टंचाईचा अंदाज करते, हे मला नंतर कळलं. वही घेऊन मी सरपंचांकडं गेले, म्हटलं, यंदा गहू नका पेरू म्हणून सांगा लोकांना. ते हसले. “बाई, आता विहिरीचंही वजन करायला लागलात का?” दोन घरांनी ऐकलं, त्यातलं एक आमचं. 31 ऑक्टोबरला राज्यानं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तोवर आमच्याकडं गव्हाला कोंब आले होते. बऱ्याच जणांचा गहू शेवटच्या दोन पाण्यांवाचून वाळला आणि मार्चात टँकर लागला. कठड्यावरच्या सरकारी टेपला तो आकडा माझ्याआधी किंवा माझ्याबरोबरच कळला असणार. तो वर गेला, तिथून कुठं गेला देव जाणे. ज्याच्या हातात बियाण्याची पिशवी होती त्याच्यापर्यंत आला नाही.

आता माझं म्हणणं. मला नवं महामंडळ नको, नवं ॲप तर मुळीच नको. 2016 साली मिहिर शहा समितीनं केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग करावा असं सुचवलं होतं. नदीचं पाणी आणि विहिरीचं पाणी वेगळं मोजू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण वर कोण कुणात विलीन झालं यानं माझ्या कठड्यावर फरक पडायला किती वर्षं लागतील, कुणास ठाऊक. मला साधी गोष्ट हवीय, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

पूर्वी अंगणवाडीत काय व्हायचं? माझ्या काट्यावर मूल नऊ किलो, आठवड्यानं नर्सताईंच्या काट्यावर सव्वानऊ. माझ्या रजिस्टरात मध्यम, त्यांच्या रजिस्टरात साधारण. माझं खातं महिला व बालविकास, त्यांचं आरोग्य. वरच्या बैठकीत दोन्ही साहेब आपापले आकडे घेऊन भांडायचे आणि खाली आम्हा दोघींना बोलणी बसायची. मग गावात महिन्यातून एक दिवस ठरला, ग्राम आरोग्य आणि पोषण दिवस. मी, आशाताई आणि नर्सताई एकाच सतरंजीवर. मूल काट्यावर एकदाच चढायचं. तिघींच्या रजिस्टरात तोच आकडा. आणि आईच्या हातात एक कार्ड, दोन्ही खात्यांचं मिळून एकच, त्यावर तिच्यासमोर टिंब. टिंब खाली सरकलं की आईला सांगावं लागत नसे, तिचा चेहराच बदलायचा. खाती तशीच राहिली, साहेब तेच राहिले. बदललं एवढंच की आम्ही एका दिवशी एका जागी बसायला लागलो.

विहिरीला असा एक दिवस द्यावा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पेरणीच्या आधी. टेपवाला, तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि वीज कंपनीचा वायरमन (यातल्या काहींची नावं सरकारनं आता बदललीत, गावात ती जुनीच चालतात) अशी पाच माणसं गावातल्या पाच-सहा विहिरींवर फिरली तरी दुपार होणार नाही. आदल्या रात्री त्या विहिरींच्या मोटारी बंद. खोली एकदाच मोजायची, सर्वांसमोर, दोरीनं, आणि तीच सगळ्यांच्या कागदावर जाईल. यजमानांची चाळीस आणि सत्तर त्या दिवशी संपतील, मला चालेल. केंद्राच्या मंडळानं आपला नोव्हेंबरचा फेरा राज्याच्या ऑक्टोबरशी जुळवून घ्यावा, किंवा राज्यानं त्यांच्याशी. गायरानातल्या कुलूपबंद बोअरचा आकडाही त्या दिवशी गावाला कळावा. किल्ली कुणाकडं आहे तेही कळलं तर उत्तमच. मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ई-पीक पाहणीतली उसाची एकरं आणि विहिरींची पातळी शेजारी शेजारी वाचून दाखवायची. ठरवायचं काय ते गाव ठरवील. कदाचित चुकीचं ठरवील. पण आकडा ऐकून चुकणं वेगळं.

आणि विहिरीलाही एक कार्ड द्या, लॅमिनेशन केलेलं. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत मालकाकडं राहील. जो कोणी मोजायला येईल तो आपल्या वहीत लिहिण्याआधी त्यावर टिंब काढील. ज्याला टिंब काढायचं नाही त्याला आमच्याकडं चहा नाही.

माझी वही 2013च्या उन्हाळ्यापासूनची आहे. दोन्ही कार्यालयांनी, किंवा आणखी कुणी असतील त्यांनीही, येऊन झेरॉक्स काढून न्यावी. आकडे कठड्याच्या कडेपासून आहेत, तीन फूट वजा करून घ्या. 2016च्या मे आणि जूनच्या दोन ओळी कोऱ्या आहेत, तेव्हा मोजायला पाणीच नव्हतं. दोरी मात्र मी कुणाला देणार नाही, कारण परवा अमावास्या आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
(नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये. यजमानांनी खोलीबद्दलचा मजकूर अजून वाचलेला नाही.)